ठकीला चालेल ती ताडी

झिपरूला नुसतं ‘रविवारी ताडी आण’ म्हणून भागत नसे. तो ओट्याच्या पायरीवर टेकायचा, डोक्याचं फडकं सोडून मांडीवर ठेवायचा आणि विचारायचा, कोण कोण येणार? मग त्यातला चिडका कोण, झोप कोणाला लागत नाही, जेवणाआधी कोण पितो आणि पिऊन जेवणच कोण विसरतो, सगळं खोदून खोदून काढून घ्यायचा. मला भारी वैताग यायचा. अरे बाबा, माणसं जेवायला बोलावलीत, सोयरीक नाही जुळवायची. पण तो आपला पुरतं ऐकल्याशिवाय उठायचा नाही आणि उठला की कुठल्या ताडाकडे जायचं ते त्याचं ठरलेलं असायचं.

आमची वाडी बोईसरहून बेटेगावकडे जाताना लागते. पुढे चिकू आणि आंबे, मागे भाताची खाचरं, खाचरांच्या बांधांवर आणि ओहोळाकाठी ताड. त्या ताडांवर चढण्याचा मान झिपरूचा. तो मागच्या पाड्यातला वारली. पावसाळ्यात आपला डोंगराकडचा तुकडा नांगरायचा आणि थंडी पडली की कमरेला कोयता लावून झाडावर. मी या घरात सून म्हणून आले तेव्हा तो तरणाताठा होता. मी सांगते ते दिवस साठ सालानंतरचे, तारापूरला सरकारने अणुभट्टीचं काम काढलं तेव्हाचे. तोवर त्याच्या कानशिलावर पांढरं दिसायला लागलं होतं. भट्टीचं नाव पहिल्यांदा ऐकल्यावर तो म्हणाला होता, आमच्या भट्ट्या फोडल्या नि आता स्वतःची बांधतात काय? दारूबंदी होतीच. ताडीच्या बाबतीत कायदा जरा सैल झाला होता, पण नेमका किती सैल, हे आमच्या ह्यांनी कधी कोणाला विचारलं नाही.

आमचे हे म्हणजे नरहरी. नवऱ्याचं नाव घ्यायची आमच्यात रीत नाही, पण आता या वयात मला कोण काय म्हणणार? ह्यांना माणसांचं वेड. थंडीत दर पंधरवड्याला वाडीत उकडहंडी व्हायची. रताळी, कोनफळ, वालाच्या शेंगा, वांगी, कधी कोंबडी, सगळं मसाला लावून मडक्यात भरायचं, तोंडाला रानातला वासाचा पाला कोंबायचा, मडकं उलटं घालून वर पेंढा आणि सुकी पानं पेटवायची. सातपाटीची जमना बोंबील घेऊन यायची ती जेवूनच जायची. शाळेतले मास्तर यायचे, स्टेशनातले बाबू यायचे, पुढे पुढे भट्टीच्या कामावरचे लोकही यायला लागले. चिकूच्या झाडांखाली चटया टाकायच्या आणि बसायचं. तिथे साहेबही मांडी घालूनच बसायचा.

आणि प्रत्येकाला झिपरू त्याची त्याची ताडी द्यायचा. बांधावरच्या ताडाची गोडसर, विहिरीजवळच्याची आंबूस, खडकातल्या ताडाची घशाला धरणारी. शिवाय एकाच झाडाची पहाटे वेगळी, दुपारी वेगळी. संध्याकाळची तर भल्याभल्यांना बांधावर आडवं करणारी. खंडेराव म्हणून एक सुपरवायझर होते, कऱ्हाडकडचे. जिभेचे तिखट आणि पोटाचे नाजूक. त्यांना झिपरूने चुना लावलेल्या मडक्यातली, न आंबलेली पहाटेची दिली आणि जेवणाआधीच प्यायला लावली. दुसऱ्या दिवशी त्यांनी मुद्दाम निरोप पाठवला की तारापूरला आल्यापासून काल पहिल्यांदा झोप लागली. मी मात्र नीराच पिते. निदान असं मी सगळ्यांना सांगते आणि झिपरूही मला ‘बाय, तुमची नीरा’ म्हणूनच द्यायचा. तिला थोडं ऊन लागलेलं असायचं, हे त्याला ठाऊक आणि मला ठाऊक.

एकदा खंडेरावांनी वाईनची बाटली आणली. कामावरच्या कुठल्याशा परदेशी इंजिनिअरने दिलेली, द्राक्षाची, लालभडक. सगळ्यांनी चाखली. ह्यांना ती तुरट जांभळासारखी लागली आणि मी शिष्टाचार म्हणून एक घोट घेतला तो तोंडात फिरवत बसले. झिपरूने घोट घेऊन डोळे मिटले. मग विचारलं, ही किती दिवसांची? खंडेरावांनी चिठ्ठी वाचून सांगितलं की चांगली आठ वर्षांची आहे. झिपरू चाटच पडला. सकाळच्या ताडीचा संध्याकाळी भरवसा नाही तिथे आठ वर्षं! ती करणाऱ्या घरातली माणसं इतका काळ न पिता राहिली कशी, हाच त्याला प्रश्न. पण त्याला ती आवडली, मनापासून आवडली. मग जरा घुटमळून त्याने खंडेरावांना विचारलं, दोन घोट ठकीसाठी ठेवू का? खंडेरावांनी सगळी उरलेली बाटलीच त्याला देऊन टाकली. ठकीने एक घोट घेतला, थुंकली आणि जांभळं कोणी सडवली म्हणून विचारलं. झिपरू असा हसला, जसं काही बक्षीसच मिळालं.

आता ठकीचं सांगायला हवं. ठकी आमच्याकडे वाडीत कामाला होती. चिकू उतरवणं, पाणी घालणं, बेणणं, आणि हंडीचा जाळ तर तिच्याशिवाय कोणाला जमायचाच नाही. बाई तोंडाची फटकळ, हाताची सढळ. तिचा नवरा रामूही ताडावर चढणारा. एका पहाटे दवाने निसरड्या झालेल्या ताडावरून तो पडला आणि गेला. तेव्हा ती तिशीचीही नसेल. एक लेक होती, चिमी, तिचं लग्न करून दिलं आणि मग ठकी पाड्यात एकटीच राहायची. त्यांच्यात बाईने दुसरं घर करायला कोणाची आडकाठी नसते. विचारायला आलेही दोघे-तिघे. हिने सगळ्यांना वाटेला लावलं. झिपरूची बायकोही तापाने जाऊन बरीच वर्षं झाली होती. म्हणजे पाहा, सगळं कसं समोर मांडलेलं होतं, फक्त उचलून घ्यायचं बाकी.

सगळ्यांचं देऊन झालं की झिपरू शेवटी ठकीला तुंबा द्यायचा, वाळक्या भोपळ्याचा. ती जाळाजवळून उठून यायची, आंब्याच्या मुळावर बसायची, घोट घ्यायची आणि तोंड असं वाकडं करायची की विचारू नका. ही काय आणलीस, हिच्यापरीस ओहोळाचं पाणी बरं. झिपरू दुसरी आणायचा. तीही नापास. ही म्हाताऱ्यांची. तिसरी आणली की मग ठकी काही न बोलता प्यायची. तोवर तो समोर उकिडवा बसलेला. दर खेपेला हेच. आमचे हे चिडवायचे की झिपरू, अख्ख्या तालुक्याची जीभ ओळखलीस, या एका बाईची काही तुला गावत नाही. झिपरू मान खाली घालायचा. मला वाटायचं बिचाऱ्याचं खरंच चुकतंय. दोन हिवाळे मला असंच वाटत होतं.

मग एकदा मी दुपारी विहिरीवर गेले तर रहाटामागे सावलीत एक लहान मडकं, वर ओलं फडकं घातलेलं. अजून पाहुणे यायचे होते, बाकीची मडकी चिकूखाली रांगेत होती. हे एकटंच इथे का, म्हणून मी वास घेऊन पाहिला, बोट बुडवून चाखलंही. ओहोळाकाठच्या ताडाची. त्या दिवशी मी नीट लक्ष ठेवलं. ठकीने दोनदा तोंड वाकडं केलं आणि तिसऱ्यांदा झिपरू उठून गेला तो सरळ रहाटामागे.

दुसऱ्या दिवशी मी त्याला पायरीवर बसवला आणि विचारलं. आधी नाही-हो करत राहिला. मग कानापर्यंत लाल झाला.

“पयलीच बरोबर दिली, बाय, त ती पिऊन उटून जाते. तिसरीपरत बसते तरी.”

राग म्हणाल तर होता, आणि पदर डोळ्यांना लावायची पाळीही आली होती. मी म्हटलं, मेल्या, मग तिला विचार की सरळ. तो मांडीवरच्या फडक्याशी चाळा करत बसला. रामू पडला तेव्हा त्याला झाडाखालून उचलणाऱ्यांत झिपरू होता. त्याने जे सांगितलं ते मी कधी विसरले नाही.

“मी बी झाडावरचाच मानूस. एक दिस उतरन तो उलटाच. मंग तिनं दोनदा रडायचं काय?”

मी त्याला चहा दिला. तो चहा पिऊन गेला.

पुढचा माघ आला आणि सफाळ्याकडून ठकीचा भाऊ सुका आला. बहिणीचं असं एकटं राहणं त्याला बघवत नव्हतं, आणि त्यात त्याचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही. त्याने स्थळ आणलं होतं जिवल्याचं. जिवल्या तारापूरच्या कामावर मुकादम, बायको वारलेली, मूलबाळ नाही, घरावर कौलं, आणि मुख्य म्हणजे जमिनीवर चालणारा. शिमग्याच्या आत उरकायचं असं सुकाने ठरवलं. ठकी नाही म्हणाली नाही.

मागच्या पाड्यात सोयरीक ठरायची ती ताडीवर. एकाच झाडाची ताडी, एकच तुंबा. बाईने आधी घोट घ्यायचा आणि तुंबा त्या पुरुषाच्या हातात द्यायचा. दिला की ठरलं. नको असेल तर ताडी ज्याने आणली त्याच्या हातात परत करायचा आणि मग का म्हणून कोणी विचारायचं नाही. मी आले तेव्हापासून परत केलेला तुंबा काही पाहिला नव्हता. आणखी एक म्हणजे, ताडी काढणाऱ्याने सोयरिकीच्या ताडीला नाही म्हणायचं नाही. म्हटलं तर झाड आटतं, असं ते मानायचे. तर सुका ताडी सांगायला गेला कोणाकडे? झिपरूकडे. त्याच्यासारखी निवड दुसऱ्या कोणाची? आणि हा शहाणा हो म्हणाला. वर पायरीवर येऊन मलाच विचारतो, जिवल्याला कशी आवडते काय ठाव हाय का, बाय?

मी त्याला असा फैलावर घेतला की वाडीतली माणसं काम सोडून बघायला लागली. तो ऐकून घेत राहिला. झाडाला नाही म्हणता येत नाही, एवढंच त्याचं. शेवटी मी ठकीलाच गाठलं. ती चिकूला पाणी घालत होती. झिपरूने शपथ घातली असती तरी मी मोडली असती. मी तिला रहाटामागच्या मडक्याचं सगळं सांगून टाकलं. ती हसायलाच लागली. तिला पहिल्या हिवाळ्यातच कळलं होतं म्हणे. तिसऱ्या मडक्याला तेवढं ओलं फडकं नि बाकीची उघडी, डोळे काय फुटले होते तिचे? पहिल्या दोन ताड्याही तशा वाईट नसायच्या. उगाच तोंड वाकडं करायची ती, तेवढंच बसायला मिळतं म्हणून.

“मग बोल ना बाई, त्याला तोंड नाही तर तू बोल,” मी म्हटलं.

ती पाण्याची घागर कमरेवर घेऊन थांबली. “बोलीन बी, बाय. पन मी बोललू, त मंग जनमभर दोगांचं मीच बोलायचं. एकदा तरी त्यानं म्हनावं. सोयरिकीच्या दिसापरत वाट बघन. नाय म्हनाला त जाईन जिवल्याकडं, तोंड सरळ ठिवून.”

त्याच्या उलटं पडण्याच्या भीतीचं तेवढं मी तिला सांगितलं नाही.

सोयरिकीच्या दिवशी हे आणि मी, दोघंही गेलो. भर दुपार, पाड्यातल्या मोठ्या चिंचेखाली सगळे जमलेले. हंडी लावलेली होती, आज जाळाला दुसऱ्या बाया होत्या. झिपरू धुतलेलं धोतर नेसून आला. मडक्यांमागून मडकी ठेवली आणि ज्याची त्याला देत सुटला. सुकाला आंबूस, म्हाताऱ्यांना सकाळची, ह्यांना त्यांची. जिवल्याला त्याने खडकातल्या ताडाची दिली. जिवल्याने एका दमात पिऊन मान डोलावली आणि अशी ताडी अख्ख्या तारापूर-बोईसरात प्यायलो नाही म्हणून सगळ्यांसमोर सांगितलं. माणूस मोकळा होता, पटकन आवडेल असा. त्याचा तर मला जास्तच राग आला.

मग सोयरिकीचा तुंबा. ठकी नवं लुगडं नेसून चिंचेच्या मुळावर बसली होती, जिवल्या शेजारी. झिपरूने एका लहान मडक्यातून तुंबा भरला आणि दोन्ही हातांनी तिच्यापुढे धरला. मडक्यावरचं ओलं फडकं मला लांबूनही दिसलं. पहिल्याच खेपेला त्याने तिची ताडी आणली होती. म्हणजे तिला उठून जायला मोकळं केलं होतं.

ठकीने घोट घेतला. तोंड वाकडं केलं नाही. तुंबा तिने मांडीवर धरला. सुका म्हणाला, दे आता. तिने जिवल्याकडे पाहिलं, मग वर झिपरूकडे.

“बरोबर हाय ना रे, झिपरू?” तिने विचारलं.

हा प्रश्न त्याला जन्मभर कोणी विचारला नव्हता. विचारायची गरजच पडली नव्हती. ह्यांनी माझं मनगट धरलं, कारण मी उठायला लागले होते.

“नाय,” झिपरू म्हणाला. “चुकली.”

कोणीतरी हसलं. सुका उठून उभा राहिला. तुजी कधी चुकली रे आजवर, असं काहीतरी तो रागाने म्हणाला. झिपरूने त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

“आज चुकली. तू उटू नको, ठके. मी दुसरी आनतो. ती बी चुकली त तिसरी आनन. तू बसून ऱ्हा. माज्या घरात बसून ऱ्हा.” आणि मग एकदम हळू, “पडन म्हनून भ्यालो व्हतो. अजून भितो.”

पहिला हलला तो जिवल्या. त्याने हात लांब करून आपल्याच मडक्यातली ताडी ओतून घेतली. “माजी त बरोबर हाय,” तो म्हणाला आणि प्यायला. त्या क्षणी तो मला सख्ख्या भावासारखा वाटला. सुका हळूहळू खाली बसला.

ठकीने तुंबा उचलला आणि झिपरूच्या हातात परत दिला. का म्हणून कोणी विचारलं नाही. झिपरू तो धरून तसाच खुळ्यासारखा उभा.

“मंग जा की,” ठकी म्हणाली. तिचे डोळे भरले होते, पण आवाज नेहमीचाच होता. “जा, आन दुसरी. पन सावकास चढ.”